धर्मगुरूंवांचून सव्वादोनशें वर्षें

कोणत्याहि धर्माचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप मोठीं मंदिरें, विद्वान आचार्य, ग्रंथ आणि धर्मसभा यांकडे वळते. सामान्य घरांत तो धर्म कसा पाळला जात होता याची नोंद सहसा होत नाहीं. मूल जन्मलें, त्यास नांव ठेवलें. सण आला, उपवास आला. कोणी मरण पावलें, त्यास मूठमाती दिली. यांत इतिहासकारानें टिपून ठेवावें असें काय आहे? परंतु एखाद्या धर्माचीं मंदिरें पाडून टाकलीं, ग्रंथ जाळले, गुरु मारले अथवा हद्दपार केले, तर मागें काय उरतें, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं त्याच सामान्य घरांत शिरावें लागतें. जपानांतील कॅथॉलिक पंथावर असा प्रसंग आला. इ. स. १६४४ पासून १८६५ पर्यंत, म्हणजे २२१ वर्षें, नागासाकीच्या आसपासचे कॅथॉलिक शेतकरी आणि कोळी यांच्यापर्यंत एकहि धर्मगुरु पोहोंचला नाहीं. तरीहि त्यांचा धर्म राहिला. तो कसा राहिला आणि त्यासाठीं त्यांना कोणती किंमत द्यावी लागली, याची ही हकीकत आहे.

या हकीकतीचा आरंभ आपल्या किनाऱ्याशीं जोडलेला आहे. कागोशिमा येथील अंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ मलाक्का येथें फ्रान्सिस झेवियर यांस भेटला, गोव्यास आला आणि १५४८ सालीं तेथेंच त्यानें बाप्तिस्मा घेतला. गोव्यांतील सेंट पॉल विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. पुढच्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, त्याच्यासह झेवियर कागोशिमाच्या बंदरांत उतरले. पुढें जपानांत जीं धर्मगुरूंचीं पथकें गेलीं, त्यांची वाट बहुधा गोव्यावरूनच होती. वसईचा एक सुपुत्रहि या इतिहासांत आहे. पोर्तुगीज पिता आणि हिंदी माता यांच्या पोटीं वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे जपानांत प्रथम जेझुइटांचे साहाय्यक होते. नंतर ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधु झाले आणि जपानी भाषा उत्तम अवगत असल्यामुळें दुभाष्याचें काम करूं लागले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें, त्यांत ते एक होते. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीसहि जणांस संतपद दिलें. वसईस आज गोन्सालो गार्सियांच्या नांवाचें महाविद्यालय आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकर्त्यांचें मन पालटूं लागलें होतें. हिदेयोशीनें १५८७ सालींच परदेशी पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. परंतु त्याची अंमलबजावणी ढिलाईनें होत असे. तोकुगावा घराण्याच्या १६१४ च्या हुकुमानें मात्र खरी बंदी आली. नागासाकींतील ख्रिस्तमंदिरें पाडलीं गेलीं, पाद्र्यांना जहाजांवर घालून देशाबाहेर पाठविण्यांत आलें. जे लपून राहिले त्यांचा शोध करण्यासाठीं बक्षिसांचे फलक चौकाचौकांत लागले. १६३७-३८ सालीं शिमाबारा भागांत करांच्या ओझ्याखालीं चिरडलेल्या शेतकऱ्यांनीं बंड केलें. त्यांत बहुतेक ख्रिस्ती असल्यामुळें सरकारचा संशय पक्का झाला. १६३९ सालीं पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. १६४४ सालीं मान्सियो कोनिशी या जपानी जेझुइटास देहदंड झाला, आणि देशांत मोकळा असलेला शेवटचा धर्मगुरु गेला. प्रत्येक कुटुंबानें एखाद्या बौद्ध मठांत नांव नोंदवावें व मठाकडून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घ्यावा, असा नियम झाला. पांच पांच घरांचे गट बांधून दिले होते. एका घराच्या अपराधाबद्दल पांचहि घरांना जबाबदार धरलें जाई. अशा व्यवस्थेंत कांहीं लपवावयाचें म्हणजे एकट्या माणसाचें काम नव्हे. शेजाऱ्यासकट, बहुधा सगळ्या वाडीसकट, लपवावें लागे.

येथें एका जुन्या गोष्टीचा उपयोग झाला. सुरुवातीपासूनच जपानांत पाद्र्यांची संख्या फार थोडी आणि ख्रिस्ती प्रजा मोठी होती. म्हणून गांवोगांवीं गृहस्थांचीं मंडळें स्थापलीं गेलीं होतीं. आजाऱ्यांची शुश्रूषा करणें, प्रेतें पुरणें, मुलांना प्रार्थना शिकविणें, मरणोन्मुख अर्भकास बाप्तिस्मा देणें, हीं कामें त्या मंडळांकडे असत. कॅथॉलिक धर्मनियमाप्रमाणें बहुतेक संस्कारांना दीक्षित पुरोहित लागतो; परंतु गरज पडल्यास बाप्तिस्मा कोणीहि देऊं शकतो. विवाहांतहि वधूवर हेच परस्परांना संस्कार देतात आणि पुरोहित साक्षी असतो, असें तें धर्मशास्त्र मानतें. पुरोहित नाहींसा झाल्यावर मिस्सा बंद पडली, पापनिवेदन बंद पडलें. परंतु जें गृहस्थाच्या हातीं होतें तें उरलें, आणि तें चालविण्याची संवय असलेलीं माणसें गांवांत तयार होतीं.

नागासाकीलगतच्या उराकामी गांवांत या मंडळांचेंच एक पक्कें गुप्त रूप झालें. साऱ्या गांवाचा एक चोकाता असे. तो धर्मपंचांग व प्रार्थनांच्या वह्या सांभाळी. त्याच्या हाताखालीं वाडीवाडीस एक मिझुकाता असे; नवजात मुलांना बाप्तिस्म्याचें पाणी देणें हें त्याचें काम. आणि प्रत्येक वाडीस एक किकियाकु, म्हणजे निरोप्या. चोकाताकडून ऐकलेलें घरोघरीं पोंचविणें हें त्याचें काम. पंचांगवाला, पाणी देणारा आणि निरोप्या, एवढ्या तीन पायांवर हा धर्म उभा होता. यांतील कोणीहि दीक्षित नव्हता. दिवसा शेतांत राबणारीं हीं माणसें होतीं.

या तिघांत चोकाताचें काम सर्वांत अवघड होतें. आपल्याकडील पंचांगाप्रमाणेंच जुनी जपानी कालगणना चंद्राच्या महिन्यांची, मधून मधून अधिक मास घालणारी होती. ख्रिस्ती सणांची गणना मात्र युरोपच्या सौर वर्षावर. त्यांतहि ईस्टर हा सण दर वर्षीं निरनिराळ्या तारखेस येणारा. ईस्टरपूर्वींचा उपवासकाल, त्यानंतरचे सण, हे सारे त्याच्याबरोबर मागें-पुढें सरकतात. तेव्हां एका गणनेंतील दिवस दुसरींत बसवून दर वर्षीं नवें कोष्टक करावें लागे. त्यासाठीं १६३४ सालाचें एक पंचांग आधारभूत धरलेलें होतें. तें बास्तियान नांवाच्या जपानी धर्मोपदेशकाचें, असें परंपरा सांगते. त्यावरून चोकाता येत्या दिवसांचा हिशेब करी, आणि किकियाकु घरोघरीं सांगून येई: अमुक दिवस सणाचा, अमुक दिवस उपवासाचा. सणाच्या दिवशीं शेतांत खत टाकावयाचें नाहीं, सुईदोरा हातीं धरावयाचा नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास यांत कांहींच दिसत नसे. एखाद्या घरची बाई आज शिवत नाहीं, एवढ्यावरून तिला कोण पकडणार? परंतु त्या घरांतील मुलाला तेवढ्यावरून कळत असे कीं, आजचा दिवस कालच्यासारखा नाहीं.

घरांतील वस्तूंचेंहि असेंच होतें. चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या चिनीमातीच्या कान्नोन देवीच्या मूर्ति बौद्धांच्या घरीं असतच. त्यांतील बाळ घेतलेली मूर्ति या घरांत मरियामाता म्हणून पूजिली जाई. अमाकुसा बेटावरील साकित्सूचे कोळी शिंपल्याच्या आंतील चकाकीच्या आकृतींत मातेचें रूप पाहत. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. हा मूळचा लॅटिन ‘ओरात्सियो’ शब्द. त्यांतील लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द बापानें मुलाला तोंडानें शिकविले. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तसा कांहींचा अर्थ हरवला, उच्चार बदलले. तरी पाठ चालू राहिला. घरांत मृत्यु झाला म्हणजे नियमाप्रमाणें मठांतील भिक्षु येऊन सूत्रें म्हणत, आणि त्याच वेळीं दुसऱ्या खोलींत बसून घरचीं माणसें त्या सूत्रांचा परिणाम पुसणारी प्रार्थना हळू आवाजांत म्हणत. मृताला निरोप दोनदां मिळे. एक सरकारला दाखविण्याचा आणि एक घरचा.

येथपर्यंत ही युक्तीची आणि चिकाटीची कथा वाटते. परंतु तिची एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. नागासाकीच्या प्रदेशांत नववर्षाच्या आरंभीं दर वर्षीं प्रत्येक कुटुंबाला ख्रिस्ताच्या अथवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचें सिद्ध करावें लागे. या विधीस ‘एफुमि’ व त्या प्रतिमेस ‘फुमिए’ म्हणत. आजाऱ्याच्या अंथरुणापाशीं प्रतिमा आणून त्याचें पाऊल तिच्यावर टेकवीत, अर्भकाचेंहि टेकवीत. जे नकार देत त्यांना मरण येई. जे गुप्तपणें ख्रिस्ती राहिले ते पाय ठेवणाऱ्यांपैकीं होते, हें उघड आहे. पाय न ठेवणारे मागें उरलेच नाहींत. म्हणजे ज्या लोकांनीं धर्म टिकविला, त्यांनीं तो दर वर्षीं एकदां सर्वांसमक्ष पायाखालीं घातला. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणें हें घोर पाप होतें, आणि त्या पापाची कबुली ऐकून क्षमा देणारा पुरोहित तर देशांत नव्हता.

या अवघड ठिकाणीं एका लहानशा पुस्तकानें त्यांना तारलें. त्याचें नांव ‘कोंचिरिसान’. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ पूर्ण पश्चात्ताप. बंदीचे दिवस जवळ येत असतां, १६०३ सालीं, तें तयार झालें होतें. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरु मिळत नसेल, तर केवळ शिक्षेच्या भयानें नव्हे, देवाच्या प्रेमानें मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधि मिळतांच धर्मगुरूपुढें निवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे क्षमा मिळते, अशी चर्चची शिकवण त्यांत सांगितली होती. त्याच्या हातांनीं नकला होत राहिल्या, लोकांनीं तें पाठ केलें. प्रतिमेवर पाय ठेवून घरीं आलेलें कुटुंब दार लावून ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत असे. यांत आत्मवंचना होती काय? कठोर न्यायाधीश तसें म्हणेल. परंतु हीं माणसें आपल्या कृत्याला निर्दोष म्हणत नव्हतीं, ही गोष्ट त्यानें विसरूं नये. आपण चुकलों हें त्यांनीं दर वर्षीं मान्य केलें, आणि मुलांनाहि तसेंच शिकविलें. पुढच्या वर्षीं पुन्हां तोच पाय आणि तीच प्रार्थना. ज्या निश्चयाची पूर्तता होण्यास धर्मगुरु हवा होता, तो निश्चय बापानें मुलाच्या हवालीं करून डोळे मिटावे, असें पिढ्यान् पिढ्या चाललें.

धर्मगुरु परत येणार, ही आशा त्यांनीं सोडली नव्हती. बास्तियानानें मरणापूर्वीं कांहीं भविष्यें सांगितलीं, अशी त्यांची समजूत होती. त्यांतील एक असें कीं, सात पिढ्यांपर्यंत तुम्हांला मी आपलीं मुलें मानीन. त्यानंतर पापनिवेदन ऐकणारे गुरु मोठ्या काळ्या जहाजांतून येतील. मध्यंतरीं धरपकडी झाल्याच. १८०५ सालीं अमाकुसा बेटावर पांच हजारांहून अधिक लोक संशयित म्हणून सांपडले. परंतु एवढ्या जिवांना मारल्यास शेतें ओसाड पडतील व सरकारचीहि नामुष्की होईल, म्हणून ते गैरसमजानें बहकले असें ठरवून अधिकाऱ्यांनीं त्यांच्याकडून शपथा घेतल्या आणि प्रकरण मिटविलें. उराकामींत १७९०, १८४२ आणि १८५६ अशा तीन वेळां पकडापकड झाली. तिसऱ्या वेळीं किचिझो हा चोकाता तुरुंगांत मेला. तो सातवा चोकाता होता.

१८५८ च्या तहांनीं परदेशी व्यापाऱ्यांना आपापल्या वस्तींत उपासनेची मोकळीक मिळाली, आणि एफुमीची चाल त्याच सुमारास बंद झाली. जपानी प्रजेवरील बंदी मात्र कायम होती. फ्रेंच पाद्र्यांनीं नागासाकींतील ओउरा भागांत नवें मंदिर बांधून फेब्रुवारी १८६५ मध्यें त्याची प्रतिष्ठा केली. तें त्याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलेलें होतें. म्हणजे वसईच्या गोन्सालोचेंहि तें मंदिर होतें. एका महिन्यानें, १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं, उराकामीहून बारा-पंधरा माणसें मंदिर पाहावयास म्हणून आलीं. फादर पतीज्याँ गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां एक बाई त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली कीं, आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. मग तिनें सांता मारियाची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. पतीज्याँ त्यांना मूर्तीकडे घेऊन गेले. बोलतां बोलतां ती माणसें म्हणालीं: सध्यां आमचा दुःखाचा काल चालू आहे, आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे.

त्या वर्षीं ईस्टर १६ एप्रिलला होता. ईस्टरपूर्वींचा उपवासकाल १ मार्चला, राखेच्या बुधवारीं सुरू झाला होता. १७ मार्च हा त्याचा बरोबर सतरावा दिवस होय.

या एका वाक्याचें मोल समजून घेतलें पाहिजे. मूर्ति जमिनींत पुरून ठेवतां येते आणि दोनशें वर्षांनीं उकरून काढतां येते. दिवसांची मोजदाद तशी पुरून ठेवतां येत नाहीं. ती दर वर्षीं कोणीतरी बसून करावी लागते, कोणीतरी घरोघरीं पोंचवावी लागते, आणि घरच्या बाईनें त्या दिवशीं तसें वागावें लागतें. १६३४ च्या कोष्टकावरून १८६५ चा दिवस अचूक निघाला, याचा अर्थ मधल्या काळांत हें काम थांबलें नव्हतें. दुसऱ्या एका वस्तीच्या मिझुकातानें पुढें येऊन आणखी दोन गोष्टी तपासल्या: रोमच्या मोठ्या गुरूचें नांव काय, आणि तुम्हांला बायकामुलें आहेत कीं नाहींत? दोन्ही उत्तरें मनासारखीं मिळतांच त्याला खात्री पटली कीं, पूर्वजांनीं सांगितलेले गुरु हेच. पूर्वजांच्या वतीनें परीक्षा घेण्याचा अधिकार आपणांस आहे, असें त्या शेतकऱ्यांना व कोळ्यांना वाटत होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आनंदाच्या या भेटीनंतर कठीण काळ आला. आतां दुटप्पी वागावयाचें नाहीं असें उराकामीकरांनीं ठरविलें आणि १८६७ सालीं मृताच्या क्रियेस मठांतील भिक्षूला बोलावण्याचें नाकारलें. दोनशें वर्षें जी गोष्ट निमूटपणें केली ती आतां करणार नाहीं, असें त्यांनीं अधिकाऱ्यांना उघड सांगितलें. जुलैंत रात्रीच्या वेळीं धाड पडली. पुढच्या वर्षीं राज्यक्रांति होऊन मेजी सरकार आलें, तरी बंदी उठली नाहीं. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना व मुलांना निरनिराळ्या प्रांतांत पांगवून ठेवण्यांत आलें. उपासमार, थंडी आणि छळ यांनीं सहाशेंहून अधिक जण मेले. कांहींनीं छळापुढें मान तुकविली, बहुतेकांनीं तुकविली नाहीं. युरोप-अमेरिकेंत जपानी वकिलातीला या छळाबद्दल जागोजागीं बोल ऐकावे लागले आणि फेब्रुवारी १८७३ मध्यें बंदीचे फलक उतरविले गेले. या हद्दपारीला त्यांनीं ‘ताबि’, म्हणजे प्रवास, एवढेंच नांव दिलें.

परत आलेल्यांना घरें मोडलेलीं आणि शेतें पडीक दिसलीं. १८७४ सालीं त्या भागांत आमांशाची सांथ आली. हद्दपारी भोगून आलेली इवानागा माकि ही तरुणी आणि तिच्या सोबतिणी आजाऱ्यांची शुश्रूषा करावयास निघाल्या. पोरक्या मुलांना त्यांनीं आपल्यापाशीं घेतलें, आणि त्यांतून निराश्रितांसाठीं राबणारें स्त्रियांचें एक मंडळ उभें राहिलें. ज्या गांवप्रमुखाच्या वाड्यांत पूर्वजांना दर वर्षीं प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, तीच जागा गांवानें पुढें विकत घेतली, आणि तेथें १८९५ सालीं दगडविटांच्या मोठ्या मंदिराचें काम आरंभिलें. तें १९१४ सालीं वापरांत आलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तो याच उराकामीवर. पापनिवेदनासाठीं मंदिरांत जमलेले लोक धर्मगुरूंसह मरण पावले. तेथील सुमारें बारा हजार कॅथॉलिकांपैकीं साडेआठ हजार गेले, असा अंदाज आहे. डॉ. ताकाशि नागाइ यांची पत्नी मिदोरि ही चोकातांच्या घराण्यांतली. तिचीं हाडें पतीला स्वयंपाकघराच्या राखेंत सांपडलीं; जवळ वितळलेली जपमाळ होती. मंदिर १९५९ सालीं पुन्हां बांधलें गेलें.

गुप्त ख्रिस्ती मात्र सगळेच परत चर्चमध्यें गेले नाहींत. इकित्सुकि बेटावर, सोतोमे भागांत व गोतो बेटांवर हजारों कुटुंबें बाहेरच राहिलीं. फ्रेंच पाद्र्यांनीं सांगितलेलें शुद्ध स्वरूप त्यांना परकें वाटलें. कोठारांत ठेवलेल्या तसबिरी, अर्थ हरवलेले ओराशो, नाकाए नो शिमा या हुतात्म्यांच्या बेटावरून आणलेलें बाप्तिस्म्याचें पाणी, हाच त्यांच्या लेखीं पूर्वजांचा धर्म होता. तो सोडला तर ज्यांनीं तो जीव धोक्यांत घालून जपला त्यांचा अपमान होईल, असें त्यांना वाटे. त्यांच्या या म्हणण्याला सहज उत्तर देतां येत नाहीं. एकाच वाडींतील दोन घरें, दोघांचेहि पूर्वज एकत्र प्रार्थना म्हणणारे. एकानें त्या प्रार्थनेचा अर्थ परत मिळविण्यासाठीं जुनी रीत सोडली, दुसऱ्यानें जुनी रीत राखण्यासाठीं अर्थावर पाणी सोडलें. दोघांनाहि आपणच वारसदार आहों असें वाटलें. बाहेर राहिलेल्यांचीं मंडळें पुढें विरळ होत गेलीं. तरुण शहरांत गेले आणि पाठ करणारे वृद्ध उरले.

२०१८ सालीं युनेस्कोनें नागासाकीच्या प्रदेशांतील बारा स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घेतलीं. त्यांत ओउराचें मंदिर आहे आणि साकित्सूसारखीं साधीं खेडींहि आहेत. तीं खेडीं पाहावयास जाणाऱ्यास तेथें भव्य असें थोडेंच दिसतें. डोंगरउतारावरचीं शेतें, होड्या, दाट वस्तीचीं बसकीं घरें. निशिझाकाच्या हुतात्म्यांचीं नांवें इतिहासानें जपून ठेवलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु त्यांचा धर्म पुढच्या पिढीच्या हातीं देण्याचें काम या बसक्या घरांतील बायाबापड्यांनीं केलें. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणालाहि ठाऊक नाहींत. वर्षांतून एकदां त्यांच्या पायांनीं हार खाल्ली. उरलेले दिवस त्यांनीं मोजून, संभाळून, मुलांच्या स्वाधीन केले.